डिझेलचं औषध

नऊ मे. पहाटे पाचला मी डिझेलचा कॅन धुवायला घेतला. सोडा घातलेलं गरम पाणी, आतून ब्रश, मग दोनदा साधं पाणी, आणि ओट्यावर पालथा. आमच्या दूध संकलन केंद्रात चौदा कॅन आहेत. तेरा दुधाचे. चौदावा पूर्वी दुधाचाच होता. तळाला पोचा पडल्यापासून जनरेटरचं डिझेल न्यायला वापरतो. ओळखू यावा म्हणून त्याच्या कडीला लाल चिंधी बांधलेली आहे.

गाव नगर तालुक्यातलं, हिवरे बाजारच्या अलीकडचं. केंद्र गावातल्या बायकांच्या गटाचं आहे आणि ते मी चालवते, अकरा वर्षं झाली. माझे मालक सुप्याच्या एमआयडीसीत पाळीवर असतात. घरातल्या पुरुषांपैकी केंद्रावर उभे राहतात ते धाकटे दीर. संध्याकाळचं आणि सकाळचं दूध आम्ही एकाच मोठ्या टाकीत घेतो. तिला बल्क कूलर म्हणतात. ती दूध थंड करते आणि आतला पंखा ते ढवळत राहतो. अकराच्या सुमारास टँकर येतो. टाकीतलं दूध सात अंशांच्या वर असेल तर टँकरवाला नळीच लावत नाही. म्हणजे सगळा खेळ विजेचा. उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून जनरेटर. तो आम्ही वापरलेलाच घेतला होता. यंदा तो काळा धूर ओकायला लागला आणि डिझेलही जास्त पिऊ लागला.

मार्चमध्ये दीर सुप्याच्या फाट्यावरून एक बाटली घेऊन आले. निळं पाणी, वर इंजिनाचं चित्र.

“वैनी, हे डिझेलमदी टाकायचं. ट्रकवाले टाकत्यात. नोझल साफ ऱ्हातं, धूर कमी, ॲव्हरेज वाढतं.”

“किती टाकायचं?”

“टाकायचं अंदाजानं. दोन झाकणं.”

“अंदाजानं आपण चहात साखरसुद्धा टाकत नाही, भाऊजी.”

मी बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. एका लिटरला एक मिली. जास्त टाकल्यानं फायदा वाढत नाही, असंही लिहिलं होतं. एक मिली मोजायचं कशानं? माझ्याकडे फॅट तपासायच्या जुन्या काचेच्या नळ्या होत्या. मशीन आल्यापासून कपाटात पडून. त्या नळीत खुणेपर्यंत दूध घेतलं की बरोबर पावणेअकरा मिली भरतं. दहा लिटर डिझेलला एक नळी, हिशेब सोपा. टोक फुटलेली एक नळी मी त्या कामाला बाजूला काढली आणि तिलाही लाल दोरा बांधला. डिझेलची वस्तू दुधात जाऊ नये याबद्दल मी फार कडक होते. दिरांनी पहिल्या दिवशी ती नळी दुधाची ओढतात तशी तोंडानं ओढली आणि संध्याकाळपर्यंत थुंकत बसले. मग मी रबरी फुगा आणला.

औषधाचा उपयोग होतो की नाही हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. दुकानदाराच्या सांगण्यावर माझा विश्वास नव्हता आणि दिरांच्या सांगण्यावर तर नव्हताच. त्यांचे उद्योग मला माहीत होते. गाईंना गाणी ऐकवली होती, मोटरसायकलला पाण्यावर चालवायचं खूळ घेतलं होतं. म्हणून मी परीक्षा लावली. जनरेटरच्या टाकीवर खूण केली. खुणेपर्यंत भरायचं, तासभर चालवायचं, पुन्हा खुणेपर्यंत यायला किती लागतं ते दुधाच्या मापानं मोजायचं. औषधाशिवाय तीनदा, औषधासह तीनदा. भिंतीवर खडूनं लिहायचं. औषधाचे दोन तास झाले होते. फरक पडत होता, पण जेमतेम अर्ध्या पावशेराचा. धूर मात्र खरंच कमी झाला होता.

नऊ मेला तिसरा तास होता. आदल्या संध्याकाळी दिरांनी कॅनमध्ये साधं डिझेल आणि औषधाचं डिझेल एकत्र केलेलं मी पाहिलं होतं. परीक्षा खोटी नको, म्हणून मी पहाटे कॅन धुतला. इतर वेळी तो दुपारी धुऊन संध्याकाळपर्यंत उन्हात पडायचा. त्या दिवशी दहा मिनिटं पालथा ठेवला, मग सरळ केला, बॅरलमधून दहा लिटर काढलं, एक नळी औषध घातलं आणि जनरेटरची टाकी खुणेपर्यंत भरली. अंधार होता. आत बघितलं नाही.

सहाला रांग लागली. पावणेसातला वीज गेली.

“डीपी उडाली,” रांगेतून कुणीतरी सांगितलं. वस्तीकडच्या रोहित्राचा आवाज झाला होता. म्हणजे आता तासा-दोन तासांची गोष्ट नव्हती. दिरांनी जनरेटर चालू केला. मी भिंतीवर वेळ लिहिली आणि पुढचं दूध घ्यायला लागले. टाकीत संध्याकाळचं गार दूध, त्यात सकाळचं गरम दूध पडत होतं. तापमान चढून तेरा झालं होतं, ते कूलर हळूहळू खाली आणत होता. बारा. साडेअकरा.

सव्वासातला जनरेटरचा आवाज बदलला. वर जायचा, खाली यायचा, दमेकऱ्यासारखा. मागून पांढरा धूर यायला लागला. मी किटली हातात धरून ऐकत राहिले. दोन-तीन गचके बसले आणि तो बंद पडला. टाकीतला पंखा थांबला. एवढी शांतता झाली की रांगेतल्या बायकांच्या बांगड्या ऐकू आल्या.

दिरांनी सेल्फ मारला. एकदा, दोनदा, पाचदा.

“पुरे,” मी ओरडले. “बॅटरी उतरेल, मग मेस्त्री येऊन तरी काय करेल?”

टाकीत सातशेच्या आसपास लिटर दूध होतं. पन्नास-साठ घरांचं. काचेचा थर्मामीटर घालून बघितला. अकरा. टाकीला जाड अस्तर असतं, झाकण बंद ठेवलं तर ती तग धरते. पण अजून वीसेक बायका रांगेत होत्या आणि त्यांच्या किटल्यांतलं दूध धारेइतकं गरम होतं. ते आत ओतलं असतं तर सगळंच गेलं असतं.

मी झाकण लावलं. “टाकीत आता एक थेंब घेणार नाही. उरलेलं कॅनमध्ये घेते. कॅन हौदात ठेवते.”

“म्हंजे आमचं दूध दुधात न्हाई का?” एक म्हातारी म्हणाली. गल्लीतल्या आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणतो. एकच म्हैस, दूध घट्ट आणि जीभ त्याहून घट्ट. “मी काय आज आले व्हय? लवकर आलेल्यांचं टाकीत, आमचं गुरांच्या हौदात!”

“मावशी, हौदाचं पाणी गार आहे. बाहेर ठेवलं तर तासाभरात नासेल.”

“आन् ह्या यंत्राला झालं काय?”

तेव्हा मी म्हणाले, अगदी स्पष्ट, सगळ्यांच्या समोर, “भाऊजींच्या औषधानं झालं. नको म्हणत होते मी.”

नको मी कधीच म्हटलं नव्हतं. मी तर नळी शोधून दिली होती.

बायकांना तेवढंच हवं होतं. “डिझेलला कसलं गं औषध? त्याला काय ताप आला हुता?” “ताप न्हाई, जुलाब झाले आता.” हशा झाला. दिरांचा चेहरा उतरला.  त्यांनी मेस्त्रीला फोन लावला, तो उचलेना. मोटरसायकलला किक मारून म्हणाले, “मी त्याला घिऊनच येतो.” आणि गेले. मेस्त्री सुप्याच्या फाट्यावरचा, आणि फाटा काही जवळ नाही.

पुढचे दोन तास मला आजही मिनिटामिनिटानं आठवतात. चार कॅन भरले. ते हौदात उतरवले, तोंडावर ओली फडकी टाकली. हौद एका बाजूला उथळ आहे. चौथ्या कॅनला पाणी कमरेपर्यंतच आलं. बादल्यांनी भर घालायची म्हटलं तर मोटार विजेवर. आडातून पोहऱ्यानं काढून जेवढं घालता आलं तेवढं घातलं. कूलरवर पोती भिजवून टाकली. दर पंधरा मिनिटांनी झाकण हातभर उघडून मी आणि रांगेतली एकजण दांड्यानं दूध ढवळायचो, कारण न ढवळलेल्या दुधात साय वर येते आणि वरचा थर आधी बिघडतो. ढवळून झालं की थर्मामीटर. आठला अकरा. साडेआठला साडेअकरा. नऊला बारा. ऊन पत्र्यावर आलं होतं.

बर्फ घालावा का, असं एकीनं विचारलं. “दुधात पाणी घालायला मी केंद्र काढलं का?” असं मी तिला फाडकन म्हणाले. पाण्याचा मला एवढा तिटकारा.

साडेनऊला दीर आले, मागे मेस्त्री. साठीचा माणूस, हातात एकच पाना आणि तोंडात तंबाखू. त्यानं जनरेटरला हात लावण्याआधी वास घेतला. मग फिल्टरखालचा बोल्ट सैल केला आणि काचेच्या पेल्यात धार घेतली. पेला उन्हात धरला.

“या हिकडं, बघा.”

पेल्याच्या तळाला बोटभर पाणी होतं. वर डिझेल तरंगत होतं. मध्ये काळे कण.

“औषधच आहे ना ते?” मी विचारलं. “निळं होतं, पाण्यासारखंच.”

“औषध डिझेलमदी मिसळतं, बाई. असं येगळं बसत न्हाई. हे साधं पाणी हाय. काळं दिसतंय ती टाकीतली जुनी घाण, ती औषधानं सोडवली. तेचं कामच ते. फिल्टर जरा भरला असता, बदलला असता, झालं. पर इंजान पान्यानं बंद पडलंय. डिझेल कशात ठिवता?”

मी बॅरल दाखवलं. त्यानं तळाला काठी घालून बघितली, मान हलवली. “कोरडं हाय. हितनं टाकीत कशानं नेता?”

दिरांनी कॅन आणून दिला. मेस्त्रीनं तो उचलला, आत बघितलं, आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. डिझेलचा कॅन कुणी आरशासारखा घासलेला त्यानं आयुष्यात पाहिला नसावा. त्यानं कॅनमध्ये उरलेलं डिझेल एका घमेल्यात ओतलं. शेवटी शेवटी धार पांढरट झाली आणि मग थेंब गोळ्यांसारखे घमेल्याच्या तळाला पळायला लागले.

“कोन धुतं हे?”

 माझ्या हाताला सोड्याचा वास अजून होता.

“कॅनला खांदा असतो न्हवं,” तो कॅन पालथा धरून मला दाखवत म्हणाला. “पालथा घातला तरी गळ्याच्या भवती कपभर पानी अडकून बसतं. सरळ केला की गेलं तळाला. दुधात कपभर पानी पचतं. इंजनात थेंब पचत न्हाई.”

बायका हौदापाशी होत्या. ऐकलं ते आम्ही तिघांनी. मी दिरांकडे बघितलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “मेस्त्री, चालू किती वेळात हुईल?”

“टाकी रिकामी करा. फिल्टर नवा आणलाय. एअर काढावी लागंल. कोरडं डिझेल हाय का कुठं?”

दिरांनी ट्रॅक्टरच्या टाकीतून काढून आणलं, कोरड्या डब्यात. डबा त्यांनी आधी उलटा करून, बोट फिरवून, माझ्यासमोर धरला. मी मान हलवली. मेस्त्रीनं पाइप सोडले, हातपंप मारत बसला. बुडबुडे येत राहिले. सव्वादहा. थर्मामीटर तेरा. मी आता बघायचंच थांबवलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला, आणि धरलं. पंखा फिरला. कूलरचा गुरगुराट सुरू झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघी-तिघी मटकन खाली बसल्या एवढंच.

पावणेअकराला टँकर आला. ड्रायव्हर उतरला, थर्मामीटर घातला. दहा.

“बाई, पुढं दोन गावं हायेत माझी.”

“अर्धा तास थांबा.”

“वीस मिन्टं.”

वीस मिनिटांत मी त्याला चहा दिला, मग दुसरा दिला. नऊ. साडेआठ. तो घड्याळ बघायचा, मी थर्मामीटर. आठवर पारा बसला तो हलेचना. तो उठून टँकरकडे गेला आणि मला वाटलं आता चावी फिरवणार. त्यानं फक्त सावलीत गाडी घेतली. पस्तीस मिनिटांनी सात झालं. मग त्यानं पातेल्यात वाटीभर दूध घेऊन गॅसवर ठेवलं. उकळून फाटलं नाही तरच घ्यायचं. दूध वर आलं, फेस कडेला लागला, मी गॅस बारीक केला. आम्ही दोघं पातेल्यात तोंड घालून बघत होतो. साय धरली. गोळी नाही. पाणी सुटलं नाही.

“लावा नळी,” तो म्हणाला.

मग कॅनची पाळी. पहिला चांगला. दुसरा, तिसरा चांगला. चौथ्याचं दूध उकळायच्या आधीच दाण्यादाण्यांनी फुटलं. उथळ बाजूचा, कमरेपर्यंत पाण्यातला कॅन. त्यात सहा-सात घरांचं दूध होतं, आणि वरचं, घट्ट, मावशीच्या म्हशीचं.

मी बाहेर येऊन सांगितलं. मावशी उभी राहिली. माझ्याशी भांडायला लागली असती तर बरं वाटलं असतं.  ती दिरांच्या पुढ्यात गेली.

“मेल्या, तुझ्या बाटलीनं नासवलं माझं दूध. एकच म्हस हाय माझी. तुला खेळायला दुसरं काय मिळालं न्हाई?”

“चुकलं, मावशे,” दीर म्हणाले.

“ह्याला जनरेटरला हात लावू द्यायचा न्हाई आता,” दुसरी म्हणाली. “बाई, तुमी सांगा तसं.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, “आधी तो कॅन रिकामा करू.”

तो कॅन मी गोठ्यामागच्या खड्ड्यात ओतला. मग धुतला. इतर काही करण्यापेक्षा धुणं मला सोपं जातं.

दुपारी सगळं आवरल्यावर दीर भिंतीवरचे खडूचे आकडे पुसत होते. मी म्हणाले, “पुसू नका. आणि तुम्ही ‘चुकलं’ का म्हणालात?”

“मग काय म्हनायला हवं हुतं?”

“खरं.”

ते फडकं झटकत म्हणाले, “वैनी, माझ्याकडनं लोकांची अपेक्षाच न्हाई. अजून एक उद्योग फसला, चार दिस हसतील. तुमचं तसं न्हाई. तुमी माप घातलं की बाया परत मोजत न्हाईत. बाईंनी पान्याचा कॅन वापरला म्हनल्यावर, उद्या हरेक किटलीत बोट घालून बघतील.”

त्यांचं चूक नव्हतं. दूध केंद्रावर पाणी हा एकच शब्द आग लावतो. दुधात नव्हे, डिझेलमध्ये, हे समजावत बसायला लागलं असतं. मी संध्याकाळचं दूध घेतलं. नवी डीपी तोवर बसवली होती. मावशी आली नाही. तिच्या शेजारणीनं सांगितलं, म्हशीचं दूध तिनं घरीच ठेवलं. दीर जनरेटरपासून लांब, हौदाच्या कट्ट्यावर बसून होते आणि येणारी प्रत्येकजण त्यांना टोमणा मारून पुढे जात होती. “औषधवाले, आमच्या गुडघ्याला हाय का काही?” ते हसून घेत होते. मीही माप घालत राहिले. मला त्या दिवशी स्वतःबद्दल जे कळलं ते असं की, टाकीतलं दूध वाचावं म्हणून मी चार तास उभी राहू शकते, आणि एक वाक्य बोलायला मला चोवीस तास लागतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी तेरा कॅन धुतले. चौदावा धुतला नाही. त्याला आतून कोरडं फडकं फिरवलं आणि जनरेटरच्या खोलीत ठेवून दिला. मग मावशीच्या दारात गेले आणि म्हणाले, “किटली घेऊन चला. तुमच्यासमोर एक बोलायचं आहे.” ती पुटपुटत आली.

सहाला रांग लागली. मी फॅटचं मशीन चालू केलं नाही. मापाच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सांगितलं, की काल जनरेटर पाण्यानं बंद पडला, औषधानं नाही. पाणी डिझेलच्या कॅनमध्ये होतं. कॅन मी धुतला होता. भाऊजींवर मी खोटं ढकललं.

 रांगेत मागे कुणीतरी “दुधात तर न्हाई ना पडलं?” असं हळूच विचारलं, आणि दुसरीनं तिला गप्प केलं. मावशीनं माझ्याकडे नीट बघितलं, मग कट्ट्यावर बसलेल्या दिरांकडे, आणि किटली टेबलावर आदळली.

“घ्या. आन् माप माझ्या डोळ्यासमोर घाला.”

मी घातलं. तिनं वाकून खुणेपर्यंत बघितलं. मग पुढचीनंही बघितलं. सगळ्यांनी बघितलं. रांग संपायला त्या दिवशी नऊ वाजले. दीर तेवढ्यात उठून आत गेले होते. जनरेटरची टाकी खुणेपर्यंत भरून, लाल दोऱ्याची नळी घेऊन बाहेर आले आणि भिंतीवर तिसऱ्या तासाची वेळ लिहायला त्यांनी माझ्याकडे खडू मागितला. मी दिला.